कालवा आला, पिक्चर संपला

मारेगावात माणसाला पुष्कळ गोष्टी माफ होतात. उधारी बुडवली, धुऱ्याच्या वादात सख्ख्या भावावर केस टाकली, निवडणुकीआधी एका पक्षाचा आणि निकालानंतर दुसऱ्याचा दुपट्टा गळ्यात घातला, तरी दसऱ्याला सोनं द्यायला लोक घरी येतात. पण 'श्यामची आई' पाहून मला रडू आलं नाही, 'कागज के फूल' पाहताना माझं लक्ष घड्याळाकडे होतं आणि 'शोले' मला लांबलेला वाटतो, एवढं बोललो की समोरचा माणूस आधी माझ्याकडे पाहतो आणि मग माझ्या बायकोकडे. तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहतो.

माझं गाव वणीहून यवतमाळकडे निघालं की वाटेत लागतं. आमच्या लहानपणी पिक्चर पाहायचा म्हणजे वणी गाठायची, आणि पिक्चरच्या वेळेपेक्षा एसटीची वेळ महत्त्वाची. परतीची शेवटची गाडी चुकू नये म्हणून जाणती माणसं पिक्चरची शेवटची वीस मिनिटं सोडून उठत. त्यामुळे गावात कित्येकांना कित्येक थोर पिक्चरांचे शेवट ठाऊक नव्हते आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं. आमच्या एका शेजाऱ्यांच्या हिशेबानं 'शोले'मधला जय अजून जिवंत आहे. एवढा समाधानी प्रेक्षक मी दुसरा पाहिलेला नाही.

'श्यामची आई' दाखवायला शाळेनं आम्हाला ट्रकमधून नेलं होतं. आचार्य अत्र्यांनी 1953 साली काढलेला हा चित्रपट, देशाच्या पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, ही माहिती गुरुजींनी आदल्या दिवशी फळ्यावर लिहून दिली आणि खाली सूचना लिहिली, 'प्रत्येकाने रुमाल आणावा.' म्हणजे रडणं अभ्यासक्रमातच होतं. अडचण अशी झाली की आमच्या वर्गातल्या पोरांनी तोवर कोकण पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडे मार्च लागला की हापशीवर बायकांची भांडणं जुंपतात. इथे पडद्यावर नुसती हिरवळ, विहीर, पाणीच पाणी. आई पोहायला जा म्हणते आणि श्याम लपून बसतो, हे पाहून मागच्या रांगेतला एक पोट्टा न राहवून मोठ्यानं बोलला, "अबे, पाणी हाय न बे! जात काऊन नाही?"

शेवटी बहुतेक सगळे रडले. मी रडलो नाही. आईचं मला वाईट वाटत होतं, पण श्यामचा राग त्याहून जास्त येत होता. घरात एवढी ओढाताण चालू असताना हा मुलगा दर दहा मिनिटांनी एक नवी चूक करून आईकडून एक नवी शिकवण वसूल करत होता. परतीच्या ट्रकमध्ये गुरुजींनी बॅटरी मारून एकेकाचे डोळे तपासले. ज्यांचे कोरडे निघाले त्यांना 'माझी आई' या विषयावर निबंध लिहायची शिक्षा झाली. तो लिहिताना मात्र आमच्यापैकी झाडून सगळे रडले.

पुढचं शिक्षण नवरात्रात झालं. देवीच्या मंडपात व्हिडिओ आणायची पद्धत होती. वणीहून व्हीसीआर, रंगीत टीव्ही आणि कॅसेटा भाड्यानं यायच्या आणि रात्रभर एकामागून एक तीन पिक्चर चालायचे. क्रम ठरलेला. पहिला देवाचा, म्हाताऱ्यांसाठी. दुसरा घरगुती, बायकांसाठी. तिसरा मारामारीचा, पोट्ट्यांसाठी आणि तोवर जागं असलेल्या प्रत्येकासाठी. एका वर्षी भरघोस वर्गणी देणाऱ्या एका सज्जनांनी अट घातली की यंदा काहीतरी दर्जेदार आणा. म्हणून 'मदर इंडिया' आला.

मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, पुढच्या सतरंजीवर बसले होते. 'मदर इंडिया' सुरू होतो तोच मुळी गावात कालवा आलाय आणि उद्घाटनासाठी म्हाताऱ्या राधाला, म्हणजे नर्गिसला, घेऊन जातात इथून. बाकीची गोष्ट मग तिला आठवत जाते. मोठ्या बाबांनी कालवा पाहिला, त्यातलं पाणी पाहिलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले.

"बसा न, आत्ता तं सुरू झाला," कोणीतरी म्हणालं.

"कालवा आला न बापा? मंग आता काय रायलं? संपला पिक्चर."

त्यांनी हे गमतीनं म्हटलं नव्हतं. कोरडवाहू पराटीत जन्म काढलेल्या माणसाच्या लेखी कालवा येणं हाच गोष्टीचा शेवट. मेहबूब खाननं तो पहिल्याच रिळात सांगून टाकला आणि वर 172 मिनिटं बसा म्हणाला. कसंबसं त्यांना बसवलं, पण तिथून पुढे ते पंचासारखे बसले. सुखीलाला सावकारानं पाचशे रुपयांच्या कर्जावर तीन हिस्से पीक व्याजात लावून घेतलं, तेव्हा मंडपात हळहळ झाली. मोठ्या बाबांनी विचारलं, "कागदावर अंगठा कोनाचा हाय?" नर्गिसनं खांद्यावर नांगर घेतला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मोठे बाबा पुढे वाकून जमीन पाहत होते. "फाळ दोन बोटंही नाही उतरला. याच्यात पराटी काय, गवत नाही उगवत." शेवटी आईनं पोटच्या पोराला गोळी घातली आणि अख्खा मंडप हमसून रडला. मोठ्या बाबांचा चेहरा मात्र हिशेब न जुळलेल्या माणसाचा. "सावकार गेला, पोरगं गेलं. कर्जाचं काय झालं ते सांगतलंच नाही." त्या साली त्यांचा कापसाचा चुकारा हातात पडायचा होता, हे इथे सांगितलेलं बरं.

याच नर्गिसनं पुढे, 1980 साली राज्यसभेत गेल्यावर, सत्यजित राय यांच्यावर तोफ डागली की हे देशाची गरिबी परदेशात नेऊन विकतात. रोख अर्थात 'पथेर पांचाली' आणि त्या जातीच्या चित्रपटांवर. खांद्यावरच्या नांगरासकट ऑस्करच्या नामांकनापर्यंत जाऊन आलेल्या बाईनं हे म्हणावं, याची मला मोठी मौज वाटली. मोठ्या बाबांना ही हकिकत सांगितली तर ते विचारात पडले. "गरिबीले गिऱ्हाईक असते का बे? मंग आपली काऊन नाही विकत?"

आमची विकायला निघाली ती 2009 साली. सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' आला. शेजारच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केल्यावर एक बाई नवऱ्याच्या जिवाला इतकी धास्तावते की मुलाला आणि सासूला त्याच्या पाळतीवर लावते आणि त्याला रोज चांगलंचुंगलं करून घालते. एवढ्या काळ्या विषयात हसू येतं आणि हसताना गळ्यात काहीतरी अडकतं. मला तो फार आवडला. घरात मी एकटाच पाहणारा निघालो. बाकीच्यांनी नाव वाचलं आणि म्हणाले, "पाऊस येते का नाही, हे पाह्याले आता तिकीट काढाचं का?" याला रसिकतेचा अभाव म्हणणाऱ्यानं जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडे येऊन राहावं. तेव्हा गावातला प्रत्येक जण मान वर करून तोच पिक्चर पाहत असतो.

मग दूरदर्शन. रविवारी दुपारी बधिरांसाठीच्या बातम्या संपल्या की कुठल्या तरी भाषेतला पुरस्कारविजेता चित्रपट लागायचा, खाली इंग्रजी अक्षरं. त्या काळात वीज केव्हाही जायची. हिंदी पिक्चरच्या मारामारीत जायची, क्रिकेटच्या शेवटच्या षटकात जायची, 'महाभारता'त बाण सुटला आणि लागायचा राहिला अशा वेळी जायची. पुरस्कारविजेत्या चित्रपटाच्या वेळी गेल्याचं मला आठवत नाही.

अशाच एका रविवारी अडूर गोपालकृष्णन यांचा 1981 सालचा मल्याळी 'एलिप्पत्तायम' लागला. आम्ही पोरं पहिल्या पाच मिनिटांत आडवी झालो. धाकटे काका त्याआधीच झाले होते. आजी वाती वळत बसली होती. तिला मल्याळीही कळत नव्हतं आणि खालची इंग्रजी अक्षरंही, म्हणजे त्या दुपारी घरातल्या कुणाहून ती कमी जाणती नव्हती. पडद्यावर एक धडधाकट बाप्या घरात लोळतोय, पेपर चाळतोय, आणि वाडीत शिरलेल्या गायीला हाकलायला बहिणीच्या नावानं हाका मारतोय. आजीचा हात थांबला.

"पाय माय, गाय हाकलाले बी याले बहीण पायजे!"

मग तिनं घोरणाऱ्या धाकट्या काकांकडे पाहिलं, पुन्हा टीव्हीकडे पाहिलं आणि वातींचं ताट बाजूला सारून पुढे सरकून बसली. शेवटपर्यंत हलली नाही. बोलत मात्र होती. त्या माणसाला चार उपदेश केले, बहिणीला बंड करायचा सल्ला दिला, उंदराच्या पिंजऱ्याबद्दल दोन व्यावहारिक सूचना केल्या. चित्रपट संपल्यावर तिनं काकांना लाथ मारून उठवलं आणि गोठ्यात पिटाळलं. 1982 साली लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं या चित्रपटाला मानाचं पारितोषिक दिलं होतं, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. आजीला कधीच कळलं नाही. मला 'एलिप्पत्तायम' आजही जड जातो. धाकट्या काकांनाही.

कॉलेजात असताना माझा एक मित्र पुण्याला चित्रपट रसास्वादाचा अभ्यासक्रम करून आला. महिनाभर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातल्या अंधारात बसून आल्यावर त्याला पिक्चर दिसायचा बंद झाला आणि फ्रेम दिसायला लागली. त्यानं मला समोर बसवून 'कागज के फूल' दाखवला. गुरुदत्तचा, 1959 सालचा, भारतातला पहिला सिनेमास्कोप. कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी बाहेरचं ऊन आरशांवरून फिरवून स्टुडिओच्या अंधारात जो झोत पाडला, तो येताच मित्रानं कॅसेट थांबवली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. झोत सुंदरच होता. मी तसं कबूल केलं. पण मे महिन्यात आमच्या गोठ्याच्या पत्र्याला पडलेल्या छिद्रातून हुबेहूब तसला झोत रोज पडतो, धुळीचे कण तसेच नाचतात आणि त्यात म्हैस बसलेली असते, हेही मला सांगावंसं वाटलं. ते मी सांगायला नको होतं असं मित्राचं मत पडलं.

माझी तक्रार वेगळीच होती. नायक दिग्दर्शक आहे, नामवंत आहे, सासर गडगंज आहे, आणि त्याचं दुःख काय, तर त्याला कोणी समजून घेत नाही. अरे, मारेगावात तालुका आहे, तहसील आहे, एवढी माणसं आहेत. मला तरी अजून समजून घेतला गेलेला पुरुष भेटलेला नाही. ते दुःख उराशी धरून तो तासन्‌तास इकडून तिकडे झुरत फिरतो. "तुला मिझ-आँ-सेन कळत नाही," मित्र म्हणाला. मी म्हटलं, "कळेल, पण आधी याला एखादं काम लाव." शेवटी त्याचं काम संपलंच. दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसल्या बसल्या तो मरतो. हा चित्रपट साफ पडला आणि गुरुदत्तनं पुन्हा दिग्दर्शक म्हणून पडद्यावर आपलं नाव दिलं नाही. 1959 सालच्या प्रेक्षकांना त्याबद्दल अजून शिव्या बसतात. मला त्यांच्याबद्दल बंधुभाव वाटतो.

नावडीलाही कुलदैवत लागतं, आणि आपल्याकडे ते आहे. बाबूराव पटेल. 1904 साली पालघरजवळच्या मासवणला जन्मलेल्या या गृहस्थानं 1935 साली 'फिल्मइंडिया' नावाचं इंग्रजी मासिक काढलं आणि पुढची पंचवीस वर्षं हिंदी सिनेमावाल्यांची झोप उडवली. 'ज्वार भाटा'मधून आलेल्या नवख्या दिलीपकुमारची प्रकृती पाहूनच त्यांनी त्याला झोडपलं. मंटोनं त्यांच्यावर स्वतंत्र लेख लिहिला, इतकी त्यांची दहशत आणि तितकीच गंमत. बाबूरावांनी स्वतःही चित्रपट दिग्दर्शित केले, 'द्रौपदी' आणि 'ग्वालन'. ते काही अजरामर झाले नाहीत. पण म्हणून त्यांनी दुसऱ्यांना मोकळं सोडलं नाही, ही त्यांची निष्ठा मला पूजनीय वाटते. स्वतः दिग्दर्शनात पडूनही त्यांनी तोंड बंद ठेवलं नाही. आमच्या गावात एखाद्याचं बियाणं उगवलं नाही तर तो पुढची पाच वर्षं दुसऱ्याच्या पेरणीबद्दल बोलत नाही.

'शोले'चं प्रकरण नाजूक आहे. तो मी पाहण्याआधी ऐकला आणि बराच काळ नुसता ऐकतच राहिलो. त्याच्या संवादांची तबकडी निघाली होती, मागून कॅसेट आली, आणि आमच्याकडे लग्नाच्या मंडपात सनई झाली की गब्बर लागायचा. पंगत बसली की भोंग्यावर गब्बर माणसं मोजायचा आणि खाली वाढपी पत्रावळी मोजायचे. त्यामुळे देवीच्या मंडपात शेवटी एकदाचा तो आला, तेव्हा पडद्यावर कोणी तोंड उघडायच्या आत सतरंजीवरचं सगळं गाव ते वाक्य म्हणून मोकळं व्हायचं. नटांना नुसते ओठ हलवायचं काम उरलं.

मोठे बाबा त्याही रात्री होते. सभोवार नुसते उघडे खडक, त्यात वसलेलं रामगड, आणि डाकू धान्याची पोती मागायला आलेले. मोठ्या बाबांनी एकच प्रश्न विचारला. "हे पेरतात काय?" कोणाला सांगता येईना. डाकू गेले, दोस्त आले, होळी झाली, गाणी झाली, पण चित्रपटभर कोणी वखर हातात धरलेला त्यांना दिसला नाही. टाकीवर चढून बसलेला गडी दिसला. पुढे मी वाचलं की ते गाव बंगळूरजवळच्या रामनगरमच्या डोंगरांत राम येडेकर या आपल्या मराठी कलादिग्दर्शकानं उभं केलं होतं, आणि खरं रामनगरम रेशमाच्या कोशांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे खंडणी मागायचीच होती तर गब्बरनं कोश मागायला हवे होते. ही माहिती द्यायला मोठे बाबा उरले नव्हते. त्यांचा प्रश्न रास्त होता, एवढं मी इथे नोंदवून ठेवतो.

मला 'शोले'तली सुरुवातीची आगगाडी आवडते. ती पनवेलजवळ चित्रित केली आहे आणि काय झोकात केली आहे! अमजद खान तर वादातीत. पण एकूण 204 मिनिटं. बसंती बोलते, बोलते आणि बोलते. आमच्याकडे दिवाळीला आत्याबाई येतात तेव्हा हे सगळं घरबसल्या होतं. एक गोष्ट भक्तांना सांगितली की ते चिडतात. 15 ऑगस्ट 1975 ला 'शोले' लागला आणि सुरुवातीच्या दिवसांत धंद्यातल्या जाणत्यांनी तो पडला असं जाहीर करून टाकलं होतं. निर्माते इतके हादरले की शेवट पुन्हा चित्रित करून जयला जिवंत ठेवावं का, इथवर विचार गेला. म्हणजे त्या ऑगस्टात थोडे दिवस का होईना, जाणते लोक माझ्या बाजूचे होते. मग ते फुटले. मुंबईच्या मिनर्व्हात पिक्चर पाच वर्षं चालला आणि मी एकटा पडलो. जयला जिवंत ठेवणं मुंबईत कुणाला जमलं नाही. ते वणीहून सुटणाऱ्या शेवटच्या एसटीनं करून दाखवलं.

आवडला नाही म्हटल्यावर लोक भांडत नाहीत, ते इलाज सांगतात. पुन्हा पाहा. एकट्यानं पाहा. मोठ्या पडद्यावर पाहा. वांग्याची भाजी नको म्हणणाऱ्याला 'मोठ्या ताटात घेऊन पाहा' असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. इलाजातही नवनवे शोध लागत असतात. 'मुघल-ए-आझम' 2004 साली रंगीत झाला, तेव्हा सांगण्यात आलं की तुम्हाला रंगांचीच अडचण होती. 'शोले' 2014 साली थ्रीडीत आला, नाणं अंगावर येतं म्हणाले. 2025 साली इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात तो मूळ शेवटासह दाखवला. त्यात गब्बरला पोलिसांच्या हवाली करत नाहीत, ठाकूरच त्याचा निकाल लावतो. आणीबाणीत सेन्सॉरला ते चाललं नव्हतं. भाच्यानं लगेच फोन केला, "मामाजी, आता तं पाहाच. शेवट बदलला, तुमचं मतही बदलंल." माझी तक्रार शेवटाबद्दल कधीच नव्हती. तो येत नाही याबद्दल होती.

शेवटचा इलाज वयाचा. वय झालं की कळेल. पंचविशीत म्हणाले चाळिशीत कळेल, चाळिशीत म्हणाले पन्नाशीत. आता पन्नाशी उलटली. पुढच्या वेळी कळायची वेळ येईल तेव्हा ऐकू येणार नाही.

ज्याच्यासाठी कुणी आग्रह धरला नाही असा एकच थोर चित्रपट माझ्या वाट्याला आला आणि तो मला मनापासून आवडतो. दामले-फत्तेलालांचा, 1936 सालचा 'संत तुकाराम'. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, विष्णुपंत पागनीसांना लोकांनी तुकोबाच मानलं, सगळं ठीक. माझं माणूस त्यात जिजाई आहे. गौरीबाईंनी केलेली. गावोगाव लोक अभंगांवर माना डोलवत असताना घरात ही एकटी बाई विचारत असते की चूल कशावर पेटवू. सगळ्या जगाला आवडलेली गोष्ट तिला आवडत नाही आणि ती ते तोंडावर सांगते. पोर आजारी पडल्यावर तर पायताण हातात घेऊन थेट विठोबाच्या देवळात शिरते. तिला कोणी म्हणत नाही की बाई, अभंग पुन्हा ऐक. चित्रपटही तिला वेड्यात काढत नाही. तिच्या म्हशीसकट तिला सांभाळून घेतो.

जगात माझ्यासारखे आहेत का, याचाही मी शोध घेतला. ब्रिटनमधलं 'साइट अँड साउंड' हे मासिक 1952 पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांची मतं मागवून जगातल्या सर्वश्रेष्ठ चित्रपटांची यादी काढतं. 1962 पासून 2002 पर्यंत दर वेळी ऑर्सन वेल्सचा 'सिटिझन केन' पहिला. आणि स्वीडनच्या इंगमार बर्गमनला हा 'सिटिझन केन' कंटाळवाणा वाटायचा! हे वाचलं तेव्हा मी बायकोला ओट्यावरून हाक मारून वाचून दाखवलं.

"कोन हाय हा?"

"फार मोठा दिग्दर्शक."

"मंग याचे पिक्चर तरी आवडते का तुमाले?"

मी पेपरचं पान उलटलं.

2012 साली हिचकॉकचा 'व्हर्टिगो' पहिला आला. 2022 साली मात्र जगभरच्या समीक्षकांनी शांताल अकेरमान या बेल्जियन बाईंचा 'जान दिलमान' पहिल्या नंबरावर बसवला. चित्रपट 1975 सालचा, म्हणजे 'शोले'च्याच वर्षीचा. लांबी 201 मिनिटं, म्हणजे 'शोले'हून जेमतेम तीन मिनिटं कमी. घोडे नाहीत, डाकू नाहीत, टाकी नाही. ब्रसेल्समधल्या एका फ्लॅटमध्ये एक विधवा तीन दिवस घरकाम करते. बटाटे सोलते, भांडी विसळते, पलंगावरची चादर ताणते, मुलाला वाढते. दुपारी पैशांसाठी एकेक पुरुष घरी घेते, तेही त्याच टापटिपीनं. कॅमेरा जागचा हलत नाही.

मुलगी पुण्याला शिकते. दिवाळीच्या सुट्टीत तिनं मला तो लॅपटॉपवर लावून दिला आणि माझं तोंड दिसेल अशी बसली. बायको लसणाची परडी घेऊन मागे टेकली. तिला कोणी यादीबद्दल सांगितलं नव्हतं. बाई चांगली दिसते आणि घर नीट ठेवते, एवढ्यावर ती बसली.

"नेटकी हाय. खोलीतून निघताना लाइट बंद करते पाय," ती मुलीला म्हणाली.

अर्ध्या तासानं मी सोफ्यावर जरा लांब झालो. डोळे मिटून ऐकण्यासारखं त्यात फारसं काही नाही, त्यामुळे मला चांगली गुंगी लागली. जाग आली ती बायकोच्या आवाजानं.

"बटाटे जास्त शिजले. हिचं काहीतरी बिनसलं."

मुलीनं पिक्चर थांबवला. "आई, तुला कसं कळलं?" या क्षणावर त्यांच्या सरांचं एक अख्खं व्याख्यान झालं होतं. इथूनच त्या बाईच्या दिवसाची घडी विस्कटायला लागते, मग एकेक गोष्ट निसटत जाते, वगैरे.

"त्यात कळाचं काय? रोज टायमावर गंज उतरवनारी बाई हाय ते." बायको परडी घेऊन उठली. "माह्या कुकरची शिट्टी झाली. काही झालं तं बोलवजो."

पुढचा तास-दीड तास काही झालं नाही. मी शपथेवर सांगतो. मुलगी वहीत लिहीत होती, मी छताकडे पाहत होतो. आणि मग अगदी शेवटी, ज्या वेळी वणीच्या प्रेक्षकांनी केव्हाच एसटी पकडली असती, त्या बाईनं कात्री उचलली आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात खुपसली.

"आई!" मुलगी ओरडली.

बायको पदराला हात पुसत आली. पडद्यावर ती बाई अंधारात टेबलाशी नुसती बसून होती.

"काय झालं?"

"खून केला तिनं."

"मी तं बटाट्याच्या टायमालेच म्हटलं होतं," बायको म्हणाली. "चला, जेवाले बसा."

ताटात बटाट्याची रस्साभाजी होती. मी आधी एक फोड दाबून पाहिली.